भिंतीतली लेम्पी

मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा, मुठीत मावेल एवढा, वर गोल आणि खाली निमुळता होत गेलेला. माझ्या टोकाला पोलादी अणी आहे आणि डोक्यातल्या भोकातून दोरी ओवलेली असते. दोरी धरून मला सोडलं, की मी थोडा डोलतो, मग थांबतो आणि सरळ खाली बघत राहतो. मित्रांनो, मला एवढंच येतं. पण घर बांधणाऱ्याला तेवढंच हवं असतं. भिंत कुठे झुकली आहे, दाराची चौकट कुठे सरकली आहे, हे नुसत्या डोळ्यांना चटकन कळत नाही. माझी दोरी शेजारी धरली, की चूक लगेच उघडी पडते.

माझा जन्म कॅनडात, सुपीरियर सरोवराच्या काठच्या पोर्ट आर्थर गावातला. तेव्हा महायुद्ध चालू होतं. पुरुष लढाईवर गेलेले, म्हणून विमानांच्या कारखान्यात बायका काम करत होत्या. त्यांतली एक लेम्पी. तिचे आईवडील फिनलंडहून येऊन इथे स्थायिक झाले होते. लेम्पी लेथवर बसायची. फिरत्या धातूला पोलादी पातं टेकवून त्याला हवा तसा आकार द्यायचा, हे तिचं काम. हात असा बसलेला, की मुकादमसुद्धा तिचा माल दुसऱ्यांदा मोजत नसे.

तिच्याच गल्लीत ताईस्तो नावाचा सुतार राहत होता. लहानपणी झाडावरून पडून त्याचा पाय अधू झाला होता, म्हणून त्याला लढाईवर घेतलं नव्हतं. एका संध्याकाळी लेम्पी कामावरून परतताना तो शेजाऱ्यांच्या ओसरीचा खांब उभा करत होता. दोरीला दगड बांधून तो सरळपणा तपासत होता.

"दगडाला विचारून घर बांधतोस?" लेम्पी म्हणाली.

"दगड खोटं बोलत नाही."

"दगड खोटं बोलत नसेल, पण तो एका बाजूला जड आहे. तुझा खांब पिऊन आल्यासारखा दिसतोय बघ."

ताईस्तो मागे सरकला, डोळे बारीक करून बघत राहिला आणि खांबाचे खिळे काढायला लागला. पुढच्या आठवड्यात लेम्पीने पितळेचा एक उरलेला तुकडा मुकादमाकडून मागून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत लेथवर चढवला. त्या तुकड्यातून मी झालो. मला आठवतो तो आधी तिचा अंगठा. माझ्या अंगावरून तो पुन्हा पुन्हा फिरला, कुठे खडबड राहिली आहे का ते बघत. मग तिने मला रुमालात गुंडाळून ताईस्तोच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "घे. हा सगळीकडून सारखा आहे."

त्याच उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. युद्ध संपलं, माणसं परत आली, गावात घरं उठू लागली. मी ताईस्तोच्या पट्ट्याला लटकून सगळीकडे फिरलो. भिंती, जिने, धुराडी, चर्चच्या खिडक्या. सरोवरावरून वारा सुटला, की तो मला आपल्या अंगाच्या आडोशाला धरायचा आणि मी स्थिर होईपर्यंत श्वास रोखून थांबायचा. घाई करणारा माणूस मला कधीच आवडला नाही. ताईस्तोला घाई नव्हती.

कामावर त्याने माझं नाव ठेवलं लेम्पी. ओळंबा तो आणि नाव बाईचं, पण मला त्याची कधी लाज वाटली नाही. दोन सुतारांचा वाद झाला, की तो म्हणायचा, "भांडू नका, लेम्पीला विचारू." मग सगळे माझ्याभोवती जमायचे. "काय म्हणते लेम्पी?" "लेम्पी म्हणते, वरचं टोक बाहेर गेलंय." आणि वाद मिटायचा.

हे घरी कळलं तेव्हा खरी लेम्पी चुलीजवळून वळून म्हणाली, "मला दोरीला टांगून चार माणसांत मिरवतोस होय? घरात त्या गोळ्याला माझ्या नावाने हाक मारलीस, तर ताटात गोळाच वाढीन."

ताईस्तोने घरात ते नाव पुन्हा कधी घेतलं नाही. त्यांची मुलगी रायली त्या घरात वाढली, शिकली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. पण बाबांच्या ओळंब्याला नाव आहे, हे तिला कधी समजलं नाही. मित्रांनो, ही गोष्ट लहानशी आहे. पण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

रायली सासरी गेल्यावर तिची वरच्या मजल्यावरची खोली रिकामी झाली. लेम्पीला तिथे शिवणकामाची जागा हवी होती. ताईस्तोने खोली नव्याने करायला घेतली. फळ्या बदलल्या, गिलावा केला. लेम्पीने रविवारचे रविवार घालवून भिंतीला पिवळ्या फुलांचा कागद चिकटवला. सगळं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की शिवणयंत्रावर दिवा नाही.

"भिंत न फोडता दिवा देतो," ताईस्तो म्हणाला. विजेची तार माळ्यावरून भिंतीच्या पोकळीत सोडायची आणि खाली एका बारीक भोकातून ओढून घ्यायची, असा त्याचा बेत होता. वाट मोकळी आहे का, हे बघायला त्याने आधी मला सोडलं.

मी अंधारात उतरू लागलो. दोन्हीकडे उभ्या लाकडांच्या कडा, त्यांवर जुन्या सुतारांच्या पेन्सिलीच्या रेघा. मध्येच एका बाहेर आलेल्या खिळ्यावर माझी दोरी घासली. ती जुनी झाली होती. तुटली.

खोलीच्या जमिनीच्या पातळीवर भिंतीच्या आत एक आडवा ठोकळा होता. मी त्याच्यावर आदळलो. तिथेच थांबायला हवं होतं. पण पूर्वी कधीतरी तिथून नळ गेला होता आणि ठोकळ्याला शेजारी खाच होती. मी कलंडलो, त्या खाचेतून घसरलो आणि खालच्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या भिंतीत, अगदी तळाशी जाऊन पडलो.

वर ताईस्तोला फक्त पहिला आवाज ऐकू आला. ठोकळ्यावर आदळल्याचा.

"इथेच आहे," त्याचं बोलणं वरून पुसट येत होतं. "थोडा कागद सोडवतो, एक फळी काढतो."

"त्या कागदाला हात लावून तर बघ," लेम्पी म्हणाली. "अख्खा हिवाळा मी धूळ खाल्ली आहे. राहू दे. पुन्हा कधी भिंत उघडशील तेव्हा काढ."

"मग मला दुसरा करून दे."

"कशावर? युद्ध संपल्यावर आम्हा बायकांना म्हणाले, आता घरी जा. माझ्या स्वयंपाकघरात लेथ नाही, ताईस्तो."

मग ताईस्तो म्हणाला, "बरं. राहू दे." त्याने दुकानातून नवा ओळंबा आणला. त्याला कोणी नाव दिलं नाही.

मी आडवा पडून होतो. मित्रांनो, ओळंब्याला आडवं पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? माझा सगळा जन्म खाली बघण्यात गेला होता. आता खाली कुठे आहे, हे मला कळत होतं, पण तिकडे वळता येत नव्हतं. माझ्या शेजारी गंजलेली दाढीची पाती पडली होती. वरच्या न्हाणीघरातल्या आरशामागच्या फटीत ताईस्तो ती टाकायचा आणि ती भिंतीतून खाली यायची. आणखी एक घडीची लाकडी मोजपट्टी होती, हे घर बांधणाऱ्या कुणाची तरी. आम्हा अवजारांना एकमेकांशी बोलता येत नाही. आम्ही नुसते शेजारी होतो.

पण मला घर ऐकू यायचं. सकाळी कॉफी उकळायची. शनिवारी अंगणातल्या सौनासाठी लाकडं फुटायची, म्हणजे गरम वाफेच्या त्या लहानशा खोलीत घरच्यांची आंघोळ असायची. लेम्पी वेलदोडे कुटायची आणि गोड पाव भाजायची, तेव्हा माझ्या बाजूची भिंत कोमट व्हायची. ती दमली, की भिंतीलगतच्या बाकावर बसून पाठ टेकायची. तिची पाठ आणि मी, मध्ये फक्त बोटभर गिलावा. जिच्या अंगठ्याने मला गुळगुळीत केलं, ती रोज एवढ्या जवळ येऊन बसायची आणि तिला ठाऊक नव्हतं. मी तिची वाट बघायचो. ती उठून गेली, की भिंत पुन्हा गार पडायची.

कधी वरून ठकठक यायची. ताईस्तो त्या खोलीतून जाताना भिंतीवर बोटाने वाजवायचा. काही शोधत नव्हता. आपल्या माणसाच्या खांद्यावर जाता-जाता हात ठेवावा, तसा.

पुढे लेम्पीची पावलं मंद झाली. ती बाकावर जास्त वेळ बसू लागली. रायली तिचा नवरा डग आणि सामान घेऊन गावात परत राहायला आली आणि रोज आईला बघायला येऊ लागली. एका हिवाळ्यात बाकावर कोणी बसेनासं झालं. घरात खूप माणसं आली, कॉफीची भांडी वाजली, फिनिश भाषेतली प्रार्थना झाली. मग सगळे गेले. ताईस्तो एकटा राहिला. त्या वर्षी स्वयंपाकघराची भिंत कोमट झालीच नाही.

मग ताईस्तो विसरू लागला. आधी चुलीवरची कॉफी, मग दार लावणं, मग दिवस. रायली शाळेची बस चालवायची. मुलांना घरी सोडून झालं, की ती इकडे यायची. वडिलांना ती इसा म्हणायची, त्यांच्या भाषेत वडिलांना तसंच म्हणतात.

एका दुपारी तिला तो वरच्या खोलीत सापडला. त्याने पिवळा कागद फाडला होता आणि पेचकसाने गिलावा उकरत होता.

"इसा, हे काय चाललंय?"

"लेम्पी आत आहे."

मग रायलीचा आवाज आला, अगदी हळू. "इसा, आई गेली. आपण सगळे तिला पोचवायला गेलो होतो ना टेकडीवर, बर्फात?"

"ते मला माहीत आहे. मला काय वेड लागलंय? पण लेम्पी भिंतीत आहे. दोरी तुटली आणि ती पडली. मी आवाज ऐकला."

रायली जिन्यावर येऊन बसली. तिचं रडणं मला भिंतीतून ऐकू येत होतं. मी तिथेच होतो, मित्रांनो, तिच्या पायांच्या खाली. ताईस्तो खरं बोलत होता. शब्दन् शब्द खरा. आणि त्याची मुलगी म्हणत होती, की इसाचं डोकं गेलं.

संध्याकाळी तिने डगला बोलावलं. डग शांत माणूस होता. तो म्हणाला, "एकदा भिंत उघडून दाखवू. काही नाही म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, की मन शांत होईल."

वर कटावणीचे आवाज सुरू झाले. फळी सुटली. इतक्या वर्षांनी पोकळीत उजेडाची एक तिरीप आली आणि वरच्या खाचेतून माझ्याजवळ पोचली. तिच्यात धूळ तरंगताना मला दिसली. मला वाटलं, आता. आता कोणीतरी वाकून बघेल.

"बघितलंत?" डग ताईस्तोला म्हणाला. "जुनी पाती तेवढी अडकली आहेत. बाकी काही नाही."

"मग आणखी खाली गेली असेल," ताईस्तो म्हणाला. "इथून नळ जायचा पूर्वी. खाच आहे बघ. ती खाली गेली."

"इसा, पुरे आता," रायली म्हणाली.

"स्वयंपाकघरात असेल."

"पुरे म्हटलं ना. मला नाही सहन होत."

फळी पुन्हा ठोकली गेली. उजेड गेला.

काही दिवसांनी सकाळी ताईस्तो पाव कापायची सुरी घेऊन स्वयंपाकघरात बाकाजवळ गुडघे टेकून बसला. सुरीचं टोक गिलाव्यात घुसायचं, खरवडायचं, थांबायचं. तो कुजबुजत होता, "थांब, लेम्पी. आलोच. घाई नाही." गिलाव्याचे कण माझ्यावर पडले. सुरीचं टोक आत आलं. मी त्याची चमक बघितली. हात लांबवला तर लागेल, एवढं अंतर राहिलं होतं. मग सुरी घसरली.

रायली आली तेव्हा त्याच्या तळव्यातून रक्त गळत होतं आणि तो दुसऱ्या हाताने उकरत होता.

तिने त्याचा हात पाण्याखाली धरला. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "इसा, आता मला तुला एकटं ठेवता येणार नाही." त्या महिन्यात ती त्याला वृद्धाश्रमात घेऊन गेली. जाताना त्याने विचारलं, "आणि ती?" रायलीने ऐकलं नाही, की ऐकून उत्तर दिलं नाही, मला माहीत नाही. दार लागलं. मला हाक मारता आली असती, तर मी त्या दिवशी मारली असती.

घर बंद राहिलं. स्वयंपाकघरात उंदीर फिरत राहिले. त्या काळात मला एकच गोष्ट हवी होती. कोणीतरी मला उचलावं आणि दोरीला बांधून सोडावं. क्षणभर. पुन्हा भिंतीत टाकलं तरी चाललं असतं.

शेवटी रायली आणि डगने त्या घरात राहायला यायचं ठरवलं. स्वयंपाकघर आणि पुढची खोली एक करायची, म्हणून मधली भिंत पाडायला घेतली. बाक बाहेर गेला. डगची कटावणी गिलाव्यात शिरली, फळ्या करकरल्या आणि माझ्या अंगावर दिवसाचा पूर्ण उजेड पडला.

"रायली, हे बघ काय मिळालं," डग म्हणाला.

तिने मला उचललं. मी काळा पडलो होतो. तिने स्वेटरच्या बाहीने मला पुसलं, खालचं पितळ दिसेपर्यंत. "ओळंबा आहे. इसाचा असणार. त्याला दाखवते, तेवढाच विरंगुळा." बस्स. आणखी काही तिच्या मनात नव्हतं.

रविवारी तिने डब्यात गोड पाव भरला, मला नवी दोरी लावली आणि आम्ही वृद्धाश्रमात गेलो. ताईस्तो खिडकीशी बसला होता. फार बारीक झाला होता. रायलीला त्याने ओळखलं, की नुसतं हसून दाखवलं, ते सांगता येत नव्हतं. तिने मला त्याच्या तळव्यावर ठेवलं. तिथे सुरीचा व्रण होता.

त्याचा अंगठा माझ्या अंगावरून फिरला. मग तो उठून उभा राहिला, दोरी बोटावर गुंडाळली आणि भिंतीशेजारी मला सोडलं. हात थरथरत होता, म्हणून मी खूप वेळ डोलत राहिलो. तो श्वास रोखून थांबला. मी थांबलो.

"ही भिंत वाकडी आहे," तो म्हणाला.

"बरीच?" रायलीने विचारलं.

"थोडी. चालेल." मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "काय गं लेम्पी, किती वर्षं काढलीस त्या भिंतीत."

रायलीच्या हातातला पावाचा डबा तसाच राहिला. ती खुर्चीत बसली. मला तिचा चेहरा दिसत होता. त्यावर वरची खोली होती, फाटलेला कागद होता, सुरी होती, सगळं होतं.

"इसा," ती म्हणाली, "तू हिच्याबद्दल सांगत होतास?"

"मग कोणाबद्दल?"

ताईस्तोने मला हातात घेतलं, खाली बसला आणि खिडकीबाहेर बघू लागला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "एक सापडली. दुसरी कुठे आहे?"

मित्रांनो, तेव्हा मला कळलं, की तो माझ्या एकट्यासाठी भिंत उकरत नव्हता.

टेकडी, बर्फ, यातलं काहीच रायलीने या वेळी त्याला सांगितलं नाही. तिने विचारलं, "तुला काय वाटतं, कुठे असेल?"

तो विचार करू लागला. "सौनात गेली असेल. आज शनिवार ना?"

"हो," रायली म्हणाली. "शनिवार."

"मग येईल. थांबू या."

तिने खुर्ची त्याच्या शेजारी ओढली, पावाचा तुकडा तोडून त्याला दिला, एक स्वतः घेतला, आणि आम्ही तिघं थांबलो. अंधार पडायला लागल्यावर परिचारिका दिवे लावायला आली, तरी थांबलो होतो.

त्यानंतरचा उन्हाळा ताईस्तोने बघितला नाही. मी आता रायलीच्या पट्ट्याला असतो. घराचं राहिलेलं काम ती स्वतः करते आहे. तिला अजून नीट धरता येत नाही, घाई करते, पण शिकेल. मी सरळ लटकतो आणि खाली बघतो. तरीही गिलाव्यातून येणारी ती पाठीची ऊब मला आठवते, आणि त्या क्षणी मी थोडा हलतो. रायलीला वाटतं, वारा असेल.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी अवजारं असतील, तर ती पुसून ठेवा, त्यांच्या दोऱ्या वेळेवर बदला. त्यांना कोणी काही नावं दिली असतील, तर ती आत्ताच विचारून घ्या, नावं देणारी माणसं आहेत तोवर. आणि घरातलं म्हातारं माणूस काही अशक्य बोलू लागलं, तर त्याला लगेच गप्प करू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, कोणती लेम्पी? ताईस्तोला हे कोणी विचारलं असतं, तर त्याने सगळं नीट सांगितलं असतं.